मामाची गोष्ट तिसऱ्या मजल्यावर अडली

आमच्या मामाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात. दारातून जाणाऱ्या आणि दारातून न जाणाऱ्या. कुणाच्या लग्नाला गेला तरी नवरानवरी राहिले बाजूला, हा आधी हॉलचा दरवाजा नजरेने मापतो. "सोफा आडवा नाही जायचा इथून," असं माझ्या कानात सांगतो आणि मगच जेवायला बसतो.

मामाचा धंदा घरं हलवायचा. टेम्पो त्याचा, चालवते मी. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही, बाकावर बसून बसून पायांना मुंग्या यायच्या. शेवटी आई वैतागून म्हणाली, "ही पोरगी घर डोक्यावर घेते." मामा म्हणाला, "मग माझ्याकडे पाठव. आमच्यात घरं डोक्यावरच घ्यायची असतात." तेव्हापासून मी टोळीत. मामा, मी (मामा मला ठिणगी म्हणतो), लंबू आणि पैलवान. पैलवान फुंकर मारली तर उडेल असा काटकुळा आहे, पण भरलेलं कपाट पाठीवर घेतलं की हूं नाही की चूं नाही.

टोळीत कायदा एकच, तोही मामानेच केलेला. ओझ्याखालच्या कुणीही "टेका" म्हटलं की ओझं खाली. का, कशाला, दोनच पायऱ्या तर राहिल्यात, असलं काही विचारायचं नाही. आधी टेकवायचं, मग श्वास घ्यायचा, मग वाटलं तर शिव्या द्यायच्या. एखाद्याचा हात सुटायला लागलाय आणि तो लाजेपायी गप्प बसला, तर खालच्याचा पाय चेचतो. मामा नवीन माणसाला पहिल्या दिवशीच सांगतो, "लाज घरी ठेवून ये. जिन्यात लाज चालत नाही."

लंबू टेका म्हणतो, पैलवान म्हणतो, मी तर बोंबलते. मामाच्या तोंडून मात्र स्वतःसाठी टेका असं मी कधीच ऐकलं नव्हतं. मामा गोष्ट सांगायचा.

जिन्याच्या वळणावर आलो की मामाचा हात वर. आम्ही ओझं टेकवायचो, तो कठड्याला पाठ लावायचा आणि सुरू, "एक होता..." प्रत्येक वळणावर गोष्टीचा एक तुकडा आणि शेवट सगळ्यात वर, सामान जागेवर लागल्यावर. गोष्ट दर वेळी नवी, रस्त्यात रचलेली. गिऱ्हाइकं वेडी व्हायची. उशा आणि कुंड्या काखेत मारून आमच्या मागे जिना चढायची, फक्त पुढचं ऐकायला. फोनवर लोक विचारायचे, "गोष्टीवाले मामा येणार ना?" दुसऱ्या टोळ्यांनीही आमची नक्कल सुरू केली. त्यातल्या एकाला म्हणे वर पोचेपर्यंत आपलाच राजा कुठे होता ते आठवेना, आणि गिऱ्हाइकाच्या सासूने गोष्ट पूर्ण केली.

आम्हाला काय अभिमान! आमचा मामा कलाकार, असं सांगत मी गावभर छाती फुगवून फिरायचे. त्याच्या स्वतःच्या छातीत काय चाललंय याचा पत्ता एकालाही नव्हता.

मग ती डॉक्टरीणबाई आली. लहान मुलांची डॉक्टर, बुटकी, तुरुतुरु चालणारी. नवं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. लिफ्टच्या दारावर "लवकरच सुरू होईल" अशी पाटी, आणि त्या पाटीवरच कोळ्याने जाळं केलेलं.

बाकीचं सामान चढलं. शेवटी फ्रिज. खालून पैलवान आणि मी, वरून लंबू, मधे, ओझं पेलायच्या पट्ट्याला, मामा. मागून डॉक्टरीणबाई कुंडी घेऊन.

पहिल्या वळणावर मामाचा हात वर. "एक होता कंजूष. राहायचा चौथ्या मजल्यावर. कपाट घेतलं. हमाल म्हणाले, मजल्यावर मजुरी. हा म्हणाला, मग तिसऱ्यापर्यंतच न्या. पुढचं मी बघतो."

"पुढचं काय बघतो, कपाळ?" लंबू म्हणाला.

"उचला," मामा म्हणाला.

पुढचं वळण यायच्या आतच पुन्हा हात वर. अर्ध्या जिन्यातच. फ्रिज तिरका पायरीवर धरून आम्ही उभे. "कपाट तिसऱ्या मजल्यावर पडलं. एकट्याने वर चढवता येईना. मग यानं तिथल्या शेजाऱ्याला गळ घातली. तुमच्याकडे राहू द्या म्हणाला. झालं. रोज सकाळी... हा पंचा लावून... एक मजला खाली जायचा. कपडे बदलायला."

डॉक्टरीणबाई खळखळून हसली. मग एकदम हसायची थांबली. मला वाटलं कुंडी जड झाली. पण ती मामाच्या गळ्याकडे बघत होती.

तिसऱ्या मजल्यावर फ्रिज टेकवला. मामा म्हणाला, "पुढे त्या शेजाऱ्यानं पाचव्या मजल्यावर घर घेतलं. तेच हमाल आले. शेजाऱ्याच्या सामानाबरोबर हे कपाटही उचललं. चौथ्या मजल्यावर, कंजुषाच्या बरोबर दारासमोर दमले. म्हणाले, जरा टेकवू. आणि मग..."

आणि मग मामाचा रंग गेला. भिंतीला चुना मारावा तसा. तो फ्रिजच्या अंगावरून हळूहळू घसरत खाली आला आणि त्याचे डोळे फिरले. मी त्याच्या डोक्याखाली हात घातला म्हणून, नाहीतर पायरीवर आपटला असता.

क्षणभरच. लगेच डोळे उघडले आणि म्हणतो काय, "चक्कर नाही. पुढचं आठवत होतो."

"आडवे राहा," डॉक्टरीणबाईने कुंडी पैलवानाच्या हातात कोंबली. "पाय वर करा यांचे. माझा स्टेथोस्कोप आणा कुणीतरी."

"कुठल्या खोक्यात?"

"ते तुम्हालाच माहीत! भरली तुम्ही!"

लंबू वर पळाला. पुस्तकांच्या खोक्यात नाही, भांड्यांच्या नाही. सापडला तो चादरींच्या खोक्यात, कुकरच्या शिट्टीला गुंडाळलेला. तिने मामाची छाती ऐकली, मग गळा ऐकला, मग पुन्हा छाती. शेवटी विचारलं, "ह्या गोष्टी कधीपासून सांगता?"

"लहानपणापासून."

"जिन्यात?"

मामाने तोंड फ्रिजकडे वळवलं.

"दम लागतो म्हणून सांगता का?"

माझं डोकंच सटकलं. "ओ बाई, आमचा मामा तुमच्यासारख्या दहाजणांना खांद्यावर घेऊन चढेल. दम लागतो म्हणे! लोक लांबून येतात त्याच्या गोष्टी ऐकायला."

"मग तू सांग," ती शांतपणे म्हणाली. "आधी पण हे प्रत्येक वळणावर थांबायचे?"

मी मनातल्या मनात मागे मागे मोजत गेले. मी टोळीत आले तेव्हा गोष्ट चौथ्या मजल्यावरच्या घरांनाच मिळायची. खालच्यांना फुकट जोक नाही, असं मामाच म्हणायचा. मग तिसऱ्या मजल्यापासून सुरू झाली. मग प्रत्येक वळणावर. आणि आज अर्ध्या जिन्यात. गोष्ट एकेक मजला खाली उतरत होती आणि आम्ही खाली उभे राहून टाळ्या वाजवत होतो.

डॉक्टरीणबाईने स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला. "ऐक."

धडधड ऐकू येईल असं वाटलं होतं. पण मधेच एक खरखर होती. दर ठोक्याला, ओढल्यासारखी. हा आवाज माझ्या ओळखीचा. अरुंद दारातून कपाट घासत काढताना चौकट असाच आवाज करते.

"तसंच आहे ते," मी सांगितल्यावर ती म्हणाली. "हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथे झडप असते. यांची झडप कडक झाल्यासारखी वाटतेय, नीट उघडत नाही. मी पोरांची डॉक्टर, पण एवढं कळतं. उद्याच हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं. इको करायचा. आणि आजपासून ओझ्याला हात लावायचा नाही."

"फ्रिज?" मामाने पडल्या पडल्या विचारलं.

"फ्रिज गेला खड्ड्यात!"

"नको," मामा म्हणाला. "नवा दिसतोय."

घरी आल्यावर मामीला काय सांगायचं यावर मामाचं आणि माझं वाजलं. तो म्हणाला, ऊन लागलं सांग. मी जिन्यात ऊन कुठून आणू? मी सगळं सांगून टाकलं. मामी भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "रात्री दोन उशा घेतात आता. मी विचारलं तर म्हणे, उंचावरून घर बरं दिसतं."

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो काढला. "दवाखान्यातलं सामान हलवायचंय," मी सांगितलं. मामा पट्टा खांद्यावर टाकून बसला. दवाखान्याच्या दारात उतरल्यावर त्याने आधी दरवाजा मापला, मग माझ्याकडे बघितलं. "काय हलवायचंय?"

"तुला."

"गाढवे!"

"चल."

आत एका मुलीने मामाच्या छातीला थंडगार चिकचिकीत काहीतरी लावलं आणि त्यावरून एक यंत्र फिरवत पडद्यावर बघत राहिली. मामाने विचारलं, "मुलगा की मुलगी?" ती इतकी हसली की तिला पुन्हा पहिल्यापासून बघावं लागलं. पण मग तिचं हसू हळूहळू विरलं.

हृदयाचा डॉक्टर उंच, तुटक बोलणारा. पडद्यावरचं चित्र आमच्याकडे वळवून म्हणाला, "या झडपेला तीन पाकळ्या असतात. पूर्ण उघडायला हव्यात. तुमच्या पाकळ्यांवर चुन्यासारखे थर बसलेत. एवढीशी फट राहिलीय. हृदय त्या फटीतून जोर लावून रक्त ढकलतंय, म्हणून त्याची भिंत जाड झालीय."

"पण मला तर काही त्रास नाही," मामा म्हणाला. "बसलो की ठणठणीत असतो."

"बसल्यावर दार रुंद होत नाही. तुम्ही त्यातून कमी सामान नेता, एवढंच. थांबत थांबत चढायला लागलात, उशा वाढवल्यात, वाकणं टाळलंत. म्हणजे त्रासाला जागाच ठेवली नाहीत. आणि काल तर बेशुद्ध झालात."

"गोळी द्या काहीतरी. तेलपाणी करा दाराला."

"गोळीने ही फट वाढत नाही. झडप बदलायची. आणि लांबवायचं नाही. चक्कर यायला लागल्यावर ही झडप फार मुदत देत नाही. कधी कधी मरण सांगूनही येत नाही."

मी मामाकडे बघितलं. तो डॉक्टरच्या खोलीच्या दाराकडे बघत होता.

जिन्यातून उतरताना म्हणाला, "भरलेलं कपाट आपण कधी उघडतो का? दोरी बांधायची आणि उचलायचं. माझं पण तसंच. उघडायचं नाही."

"मामा, हे कपाट नाही."

"आत्ता कामाचे दिवस आहेत. हे सरले की बघू."

मामी रडली. आई येऊन भांडून गेली. मामाचं आपलं एकच, कामाचे दिवस. मला कळत होतं, तो ऑपरेशनला घाबरत नव्हता. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणतील, बस आता घरी, याला घाबरत होता. घरी बसलेला मामा म्हणजे काय हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

पुढच्या कामाला आला की हा पठ्ठ्या! पट्टा खांद्यावर, डोक्याला फडकं. तळमजल्यावर तिजोरीएवढं जड कपाट, जायचं तिसऱ्यावर. आम्ही तिघांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. कपाटाला हात लावून उभे राहिलो.

मामा म्हणाला, "उचला!"

मी म्हटलं, "टेका."

"अगं, अजून उचललं कुठे?"

"कायदा आहे. विचारायचं नाही."

मामाने दात खाल्ले. "उचला!"

"टेका," लंबू म्हणाला.

"तुझ्या आयला... पैलवान, तू तरी..."

"टेका," पैलवान म्हणाला. तो एरवी एवढं पण बोलत नाही.

गिऱ्हाईक दारातून वाकून बघायला लागलं. मामाने आम्हाला कामचोर म्हटलं, नमकहराम म्हटलं, माझ्या गाडी चालवण्यावरून बोलला, लंबूच्या उंचीवरून बोलला. मग पुन्हा उचला. आम्ही तिघं एका सुरात, टेका. गिऱ्हाइकाची छोटी मुलगी पण ओरडली, "टेका!"

तेव्हा मामाला हसू फुटलं. आणि हसता हसता दम गेला. त्याने हात वर केला, नेहमीसारखा. "एक होता..." म्हणाला आणि पुढे शब्दच येईना. कुणी हुंकार दिला नाही, कुणी "मग?" म्हटलं नाही. मामा दाराच्या चौकटीला धरून उभा होता, बोटं पांढरी पडलेली.

मग हळूच म्हणाला, "टेका."

आम्ही टेकवलं. म्हणजे मामाला. पायरीवर. मी त्याच्या खांद्यावरचा पट्टा काढला आणि माझ्या खांद्यावर टाकला. कपाट आम्ही तिघांनी चढवलं, मामाने खालून नुसतं बघितलं आणि तेवढ्यातही "कोपरा सांभाळ गं बये" म्हणून ओरडलाच.

मामा ऑपरेशनला तयार झाला, तर दवाखान्यात सगळ्यात आधी काय केलं? दात उपटला! मी चिडले. छातीचं दुखणं आणि ही माणसं तोंडात हात घालतायत. तिथली नर्स समजावून सांगायला लागली, किडका दात असला तर त्यातले जंतू रक्तातून जाऊन नव्या झडपेवर बसतात आणि सगळं मुसळ केरात. पुढेही दातांचं काहीही करायचं असेल तर आधी झडपेचं सांगायचं. मामा गालाला कापूस लावून बसला होता. म्हणाला, "घर बदलताना आधी ढेकूण मारतात, तसं."

झडपा दोन प्रकारच्या. एक धातूची. ती टिकते भरपूर, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर. दुसरी जनावराच्या पातळ पडद्याची. ती काही वर्षांनी झिजते, पण त्या गोळ्या जन्मभर लागतातच असं नाही. डॉक्टरने दोन्ही बाजू सांगितल्या, मामाचं वय धरून, काम धरून. आमच्या धंद्यात रोज कुठे ना कुठे खरचटतं, ठेचतं. रक्त पातळ असलं तर साधा मुका मार पण महागात पडायचा.

"जनावराची द्या," मामा म्हणाला. मग जरा विचार करून, "ओझं वाहणारं होतं ना?"

तुटक डॉक्टरला पण हसू आलं.

ऑपरेशनच्या सकाळी मामाला स्ट्रेचरवर घेतलं. स्ट्रेचर ढकलणाऱ्या पोऱ्याला हा सांगतोय, "वळणावर मागचं चाक आधी घे. हां, असं." मी त्याच्या बाजूने चालत होते. काहीतरी बोलायचं म्हणून भलतंच बोलले.

"त्या कंजुषाचं पुढे काय झालं?"

"कोण कंजूष?"

"मामा, नाटकं करू नकोस. चौथ्या मजल्यावर दमले, जरा टेकवू म्हणाले, आणि मग?"

त्याने माझा कान ओढला. झोपल्या झोपल्या, हाताला सुई लावलेली असताना. "शेवट वर पोचल्यावर सांगतात. ठिणगी, एवढी वर्षं काय शिकलीस?"

दार बंद झालं. मोठं दार, दोन फळ्यांचं. कुठलंही कपाट गेलं असतं त्यातून. बाहेर मामी, आई, मी, लंबू, पैलवान. पैलवानाने एकट्याने बाकडं उचलून भिंतीपासून दारापर्यंत आणून ठेवलं. का, ते त्याला पण सांगता आलं नाही. सगळ्यांनी बसून घेतलं. मी नाही बसले. मी येरझाऱ्या घालून घालून तिथल्या फरशीला चकाकी आणली.

दुपार उलटल्यावर तो उंच डॉक्टर बाहेर आला, टोपी काढली आणि म्हणाला, "बसली झडप. छान उघडतेय." मामीने त्याला हात जोडले. मी डॉक्टरला मिठी मारली. तो एकदम खांबासारखा ताठ झाला, पण मारली.

पुढचे दिवस मजेचे. छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं, म्हणून खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. हसताना पण. मामाला हसवायचं नाही अशी सक्त ताकीद होती. आता लंबूचं तोंड बघूनच मामाला हसू यायचं. लंबू आला की मामा आधी उशी शोधायचा. शेवटी लंबूला दाराबाहेर उभा करून तब्येत विचारायला लावली. वजन उचलायचं नाही, टेम्पोत पुढे बसताना सांभाळायचं, रोज थोडं थोडं चालायचं, ठरल्या दिवशी तपासायला जायचं. चालायचं म्हटल्यावर मामा घरातल्या घरात फिरून सगळं सामान कुठे लावायला हवं ते मामीला सांगायला लागला. मामी मला म्हणाली, "यांना लवकर कामावर ने गं बाई."

डॉक्टरांनी परवानगी दिली ती अशी: जिना चढा, हाका मारा, ओझ्याला एवढ्यात हात नाही. बरोबर त्याच सुमाराला डॉक्टरीणबाईचा फोन आला. तिने पुस्तकांचं कपाट घेतलं होतं. लिफ्ट अर्थातच बंद. पाटी मात्र नवी लावली होती.

मी, लंबू, पैलवान ओझ्याला. मामा मोकळ्या हाताने पुढे. "नाक वर... डावीकडे... शाब्बास." पहिलं वळण आलं. आम्ही सवयीने थांबलो. मामा नाही थांबला.

"मामा, गोष्ट?"

"कसली गोष्ट? चला."

दुसऱ्या वळणावर लंबूची जीभ बाहेर आली. मामा वरच्या पायरीवर, कमरेवर हात. "काय रे, वय झालं का?" आणि टुणटुण वर. इतकी वर्षं त्याच्या जिवावर आम्ही पण फुकटची विश्रांती खात होतो, हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्या जागी, मी म्हटलं, "टेका."

कपाट खाली आलं. मामा मागे वळला, आम्हाला बघितलं, जागा बघितली. काही विचारलं नाही. कायदाच आहे. वर चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई तुरुतुरु खाली येऊन पायरीवर बसली.

"हं," ती म्हणाली. "चौथ्या मजल्यावर, कंजुषाच्या दारासमोर. जरा टेकवू म्हणाले. आणि मग?"

मामाने कठड्याला पाठ नाही लावली. जिन्याच्या मधोमध उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला, मुद्दाम, आम्हाला दिसेल असा.

"मग काय? हमालांच्या म्होरक्याला गोष्टी सांगायची खोड. त्यानं सुरू केली. सगळे कपाटाकडे पाठ करून ऐकत बसले. गोष्ट संपली, हसून झालं, वळून बघतात तर कपाट गायब. आणि बंद दाराच्या आतून कंजूष ओरडला, मी म्हटलं नव्हतं, पुढचं मी बघतो?"

डॉक्टरीणबाई पायरीवर गडाबडा लोळायची बाकी राहिली. मामा पण हसला, पोटभर, उशीशिवाय. आणि हसता हसता आम्ही तिघांनी गुपचूप मागे वळून बघितलं.

कपाट जागेवर होतं.

"उचला," मामा म्हणाला.